हॅलोताईचं तिकीट

माझ्या नणंदेला सगळी गल्ली हॅलोताई म्हणते. ते नाव आपल्याला आवडत नाही असं ती गेली तीस वर्षं सांगत आली आहे, पण खरंच आवडत नसतं तर तिने एकेकाला दारात उभं करून बजावलं असतं. गप्प राहून सोसणं तिला जमत नाही. छत्तीस वर्षं ती टेलिफोन ऑफिसात होती. सुरुवातीला कानाला हेडफोन आणि पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड. या भोकातली दोरी त्या भोकात घालायची आणि इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा. पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला, तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं. नोकरी संपून बारा वर्षं झाली तरी घरातला फोन तिसऱ्यांदा वाजलेला मी ऐकला नाही. दुसऱ्या घंटीला ती तो उचलते आणि अशा आवाजात ‘हॅलो’ म्हणते की पलीकडचा माणूस बसला असेल तर उठून उभा राहावा.

मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, “तू फार मोठ्याने बोलतेस. मोठ्याने बोललं की माणूस ऐकायचं सोडून घाबरतो.” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकतीस वर्षं आम्ही भांडतोय आणि एकतीस वर्षं तिच्यावाचून माझं पान हलत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिने लग्न केलं नाही. मागच्या खोलीत ती, पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आणि माझ्या नवऱ्याचा टीव्ही, अशी आमच्या घराची वाटणी.

नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. वय अठ्ठावन्न, पण ताईसाठी तो अजून बाळच. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा दोन बहिणींनी त्याला वाढवलं. मधली ही आणि थोरली अक्का. अक्का लग्न करून परदेशात गेली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तिकडच्याच माणसाशी तिने संसार केला. मूलबाळ नाही, नवराही सहा वर्षांपूर्वी गेला, आणि अक्का तिथल्या एका वृद्धनिवासात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली.

दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. म्हातारपणी हे अनेकांचं होतं, त्यात नवल नाही. पण मागच्या हिवाळ्यात अक्काची तिकडची भाषाच गेली. ज्या भाषेत तिने चाळीस वर्षं भाजी घेतली, नवऱ्याशी भांडली, शेजारणीच्या चुगल्या ऐकल्या, ती पाटी पुसावी तशी पुसली गेली. उरली फक्त आपली, लहानपणची. त्या अख्ख्या इमारतीत ती कळणारं एक माणूस नव्हतं. अक्का “पाणी द्या” म्हणाली की नर्सला वाटायचं, म्हातारी गाणं म्हणतेय.

तेव्हा ताईने पुन्हा नोकरी धरली म्हणा ना. रोज दुपारी चार वाजता तिकडची नर्स फोन अक्काच्या कानाला लावायची. अक्का आपल्या भाषेत सांगायची, ताई ते इंग्रजीत नर्सला सांगायची. पाठ दुखतेय, खिडकी लावा, शेजारच्या खाटेवरची बाई माझा कंगवा घेते. ताई त्यात आपल्या पदरचा शब्द घालायची नाही. एकदा अक्काने नर्सला गाढव म्हटलं तर हिने तेही जसंच्या तसं कळवलं. मी म्हटलं, अहो ताई, हे गाळायचं होतं. तर म्हणाली, “गाळणारी मी कोण?”

हे तीन महिने चाललं. मग एका दुपारी अक्काने फोन हातात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि किंचाळली, “यात कोण बसलंय? तिला बाहेर काढा!” पुढचे चार दिवस फोन दिसला की ती तोंडावर पांघरूण ओढून घेत होती. नर्सने फोन बंद केला. खाणंही कमी झालं. नर्स ताईला म्हणाली, “दिवसभर एकच शब्द म्हणते. छोटी, छोटी. आम्ही तिला वाटी दिली, उशी दिली. काय हवंय तिला?”

छोटी म्हणजे आमची हॅलोताई. नर्सने वापरलेला तो शब्द आमच्या भाषेतला होता, फक्त तिला अर्थ ठाऊक नव्हता.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे एक नाव टिकलंय, ते किती दिवस टिकेल सांगता येत नाही. आठवडे म्हणा, महिने म्हणू नका. ताईने फोन ठेवला, चष्मा पुसला आणि आम्हाला म्हणाली, “आवाजाने आता भागत नाही. हात लावायला जायला पाहिजे.” अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ती विमानात बसली नव्हती. पंधरा दिवसांत तिने पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं केलं. दहा तारखेचं, दुपारी बाराचं विमान.

तिकीट आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या शहराचं नाव बातम्यांत आलं.

कुठल्यातरी खटल्याचा निकाल लागला, लोक रस्त्यावर आले, पोलीस आले, संचारबंदी लागली आणि एक बस जळाली. ती बस मी विसरणार नाही. त्या दिवसांत माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम होतं. एका संध्याकाळी मी एका सदऱ्याला सहा बटणं लावली, तेवढ्यात ती बस अकरा वेळा जळाली. समोरून, मागून, पुलावरून. नवरा दिवसभर काचा घासून लोकांना नीट दिसावं म्हणून झटतो, पण त्याच्या लेखी त्या अकरा बसगाड्या होत्या. “सगळं शहर पेटलंय,” तो म्हणाला. “ताई, तू जायचं नाहीस.”

ताईने पोळी मोडता मोडता विचारलं, “शहर किती मोठं आहे?”

“मला काय माहीत!”

“मग सगळं पेटलंय हे कसं माहीत?”

गल्लीतलं कोणी सल्ला द्यायचं राहिलं नाही. शेजारचे मास्तर तर रोज वर्तमानपत्र गुंडाळी करून घेऊन यायचे आणि उघडून दाखवायचे, जणू आमच्या घरी छापलेलं येतच नाही. ज्यांनी तालुक्याबाहेर पाऊल टाकलं नाही, ते परदेशातल्या चौकांची नावं घेऊन बोलायला लागले. ताई प्रत्येकाला चहा द्यायला लावायची, मान हलवायची आणि माणूस गेला की मला म्हणायची, “ऐकावे जनाचे.” पुढचं म्हणायची नाही. ते मला पाठ होतं.

पण ती नुसती हटून बसली नव्हती. तिला बातमी हवीच होती, फक्त टीव्हीची नको होती. दुसऱ्याच दिवशी तिने मागच्या खोलीत वही उघडली आणि त्या शहरात फोन लावायला सुरुवात केली. ओळखीच्यांना नाही. ओळखीचं तिथे होतंच कोण? तिने अक्काच्या निवासाच्या आसपासच्या दुकानांचे नंबर मिळवले. निवासासमोरच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला, दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या दुकानातली बाई, आणि विमानतळाकडून येणारी ट्राम जिथे थांबते त्या डेपोचा चौकीदार. रोज तिघांना एकेक फोन.

मी दारात उभी राहून ऐकायचे. तिचे प्रश्न ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. ती कधी “परिस्थिती कशी आहे” असं विचारायची नाही. “असं विचारलं की माणूस टीव्हीवर ऐकलेलं म्हणून दाखवतो,” ती म्हणायची. ती विचारायची, “आज तुमचा पाव किती वाजता संपला? आत्ता तुमच्या दारातून कोण चाललंय? ट्राम किती मिनिटं उशिरा आली?” बेकरीवाला पहिल्या दिवशी वैतागला, दुसऱ्या दिवशी हसला, तिसऱ्या दिवशी आपणहून सांगायला लागला. एरवी पाव नऊला संपतो, आज अकराला संपला. म्हणजे माणसं कमी फिरतायत, पण फिरतायत. शाळेची मुलं दोन दिवस दिसली नाहीत, आज दिसली.

वाईट असेल तेही ती लपवायची नाही. एका बुधवारी औषधवाल्या बाईने सांगितलं की मागच्या रस्त्यावर गोळ्यांचे आवाज आले, तिने शटर खाली ओढलं आणि दोन तास काउंटरखाली बसली. ताईने ते वहीत लिहिलं आणि जेवताना आम्हाला वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज हलला नाही. पण वाचून झाल्यावर तिने रिकामा पेला दोनदा तोंडाला लावला, ते मी पाहिलं. तिला भीती वाटत नव्हती असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे.

“आता तरी?” नवऱ्याने विचारलं.

“आता तरी काय? अक्का त्याच रस्त्यावर राहते ना? ती घाबरली तर कोणाला सांगणार?”

त्याने उठून टीव्हीचा आवाज वाढवला.

सहा तारखेला बेकरीवाल्याने फोन उचलला नाही. सातला नाही. आठला ताईने नऊ वेळा लावला. नुसती घंटी वाजत राहायची, आणि ती रिसीव्हर कानाला धरून अगदी ताठ बसायची, जणू ताठ बसल्याने तो उचलणार होता. त्याच संध्याकाळी टीव्हीवर एक रस्ता दाखवला. फुटलेल्या काचा, उलटी पडलेली बाकं, आणि भिंतीवर रस्त्याच्या नावाची पाटी. नवऱ्याने चष्मा काढून परत घातला. मी मशीन थांबवलं. ते नाव अक्काच्या पत्त्यात होतं. गेली सहा वर्षं मी ते पाकिटांवर लिहीत आले होते.

ताई मागच्या खोलीत होती. नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि कुजबुजत म्हणाला, “एक बहीण तिकडे गेली ती गेलीच. दुसरी मी पाठवणार नाही. मला सांग, तू पाठवशील?”

मी नाही म्हणायला हवं होतं की हो, हे मला आजही कळत नाही. पण मला त्या क्षणी ताई त्या फुटलेल्या काचांवरून बॅग ओढत चाललेली दिसली. शिवाय खरं सांगते, आणखी एक विचार मनात आला. ही गेली आणि परत आली नाही तर माझं कसं व्हायचं? हा विचार माझा, माझ्यापुरता होता. त्यात अक्का कुठेच नव्हती.

नऊ तारखेला सकाळी नवरा तिकीटवाल्याकडे गेला. तिकीटवाला त्याच्या चष्म्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याने तिकिटाची तारीख पुढे ढकलली. ताईला काय सांगायचं हे नवऱ्याने ठरवलं, पण सांगायला मला पुढे केलं, कारण तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात आणि ते ताईला तो चार वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

जेवताना मी म्हटलं, “ताई, उद्याचं विमान रद्द झालं.”

तिने घास खाली ठेवला. “कोणी सांगितलं?”

“तिकीटवाल्याने.”

“काय शब्दांत?”

चोराच्या मनात चांदणं. मी गडबडले. म्हटलं, “तिकडचा विमानतळ बंद केलाय म्हणे. पुढची तारीख देणार आहेत.” मी मोठ्याने बोलत होते, माझं मलाच ऐकू येत होतं. नवरा ताटात बघत होता.

ताईने दोघांकडे एकदा पाहिलं. “बरं,” म्हणाली. ताट तसंच ठेवून उठली. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी ती मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. भरलेली बॅग दाराशी होती, ती तिने उचलून आत नेली तेवढी.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दहा तारखेला, सकाळी साडेसात वाजता मी चहा टाकत होते. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. प्रवासासाठी मी शिवलेला राखाडी कोट तिच्या अंगावर होता.

“मी विमान कंपनीच्या चौकशीला फोन केला,” ती म्हणाली. “संशयाने नाही. पुढचं विमान कधी एवढंच विचारायला. तिथली मुलगी म्हणाली, आजचं विमान वेळेवर आहे. तिकडचा विमानतळ एकही दिवस बंद नव्हता. तुमचं तिकीट काल तुमच्याच विनंतीवरून पुढे गेलंय, आजची सगळी आसनं भरलीत.”

माझ्या हातातली गाळणी खाली पडली.

“पुढे किती?” मी विचारलं. एवढंच सुचलं.

“नऊ दिवस. त्याआधी जागा नाही. मी तीनदा विचारलं.”

नवरा बाहेरून आला. त्याचे कान आधीच लाल होते. ताई त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “बाळ, छत्तीस वर्षांत मी लाखो फोन जोडले. जन्माचे, मरणाचे, फसवणुकीचेसुद्धा. मला पसंत नाही म्हणून एकही तोडला नाही. तू माझा तोडलास.”

“मी तुझ्या काळजीपोटी...”

“माझ्या काळजीपोटी नाही. तुझ्या भीतीपोटी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, तो तुझ्यापाठी असू दे, माझ्यामागे कशाला लावलास?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तू. तू तर बाई आहेस.”

याचा अर्थ मी तिला कधी विचारला नाही. पण तो मला लागला, आणि लागायलाच हवा होता.

नवरा खुर्चीवर बसला आणि रडायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चष्मा कपाळावर ढकलून, तळव्यांनी डोळे दाबून. “मला तुम्ही दोघीच आहात,” म्हणाला. मी तिथेच उभी होते, पण मला राग आला नाही. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ती कोट काढायला आत निघून गेली.

ते नऊ दिवस आमच्या घरात टीव्ही लागला नाही. मशीनचा आवाज तेवढा होता, तोही मी दारं लावून करायचे. ताई आमच्याशी कामापुरतं बोलायची. मीठ दे, दार लाव. अकरा तारखेला बेकरीवाल्याने फोन उचलला. पाच दिवस कुठे होतात असं ताईने विचारलं तर म्हणाला, अक्कलदाढ काढली होती, गाल एवढा सुजला की बोलताच येईना, दुकान भाच्याने सांभाळलं आणि भाच्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो फोन उचलायचा नाही. त्याच्या रस्त्यावर दगडफेक झाली होती, हेही खरं. निवासाच्या खालच्या मजल्याची एक काच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवी बसवली.

ताईने ते वहीत लिहिलं आणि वही उघडीच जेवणाच्या टेबलावर ठेवली. आम्ही वाचावं म्हणून. मी वाचलं. एका माणसाची दाढ दुखली आणि आम्ही तिचे नऊ दिवस घालवले.

निवासात ती रोज फोन करायची. अक्काला फोन देता येत नव्हता, म्हणून नर्सलाच विचारायची. जेवली का? अजून म्हणते का? नर्स सांगायची, म्हणते. मग एका रविवारी नर्स बदलली, नवीन नर्सला काही माहीत नव्हतं. सोमवारी, मंगळवारी तीच. ताई फोन ठेवून तासभर भिंतीकडे बघत बसायची. मी चहा नेऊन ठेवायचे आणि गार झालेला परत आणायचे.

एकोणीस तारखेला ती गेली. विमानतळावर नवऱ्याने तिची बॅग शेवटच्या दारापर्यंत नेली. तिने त्याच्याकडून बॅग घेतली आणि म्हणाली, “उतरल्यावर फोन करते.” त्याने मान हलवली. त्या एका वाक्यावर तो पुढचे चौदा तास जगला.

उतरल्यावर तिचा फोन आला. पोहोचले, सामान मिळालं, रस्ते शांत आहेत पण चौकाचौकात पोलीस उभे आहेत, ट्राम अर्ध्या रस्त्यापर्यंतच चालू आहे, पुढे चालत जाणार. मग चार तास काही नाही. मी एका गणवेशाची बाही तीनदा उसवली. नवरा दुकानात गेला नव्हता. फोन पुढच्या खोलीत ओढून आणून त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसला होता. टीव्हीचा रिमोट हातात होता, पण त्याने बटण दाबलं नाही. मी मनात म्हणत होते, तिला काही झालं तर मी या माणसाला आणि स्वतःला कधी माफ करणार नाही. आणि काही झालं नाही तरी करेन की नाही ठाऊक नाही.

फोन वाजला. दुसऱ्या घंटीला मी उचलला. नवऱ्यानेच मला खूण केली की तू घे.

“ऐक,” ताई म्हणाली. “मध्ये बोलू नकोस. दोन ठिकाणी कागद तपासायला थांबवलं, म्हणून उशीर झाला. मी अक्काजवळ बसलेय. ती खिडकीशी खुर्चीवर आहे. फार बारीक झालीय.”

“बरं.”

“जुनी नर्स आज परत आली. ती म्हणाली, गेल्या आठवड्यापर्यंत दारावर जरा टकटक झाली की ही उठून उभी राहायची. छोटी आली, म्हणायची. चौदा तारखेनंतर तिने ते नाव घेतलं नाही.”

मी बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. विमान दहाचं होतं.

“मी समोर बसले, हात धरला,” ताई सांगत होती. तिचा आवाज सपाट होता, निरोप सांगतानाचा. “म्हटलं, अक्का, मी आले. तिने हात काढून घेतला नाही. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, तुम्ही आमच्यासारखंच बोलता हो, किती दिवसांनी कोणीतरी बोललं. मग जवळ वाकून म्हणाली, तुमच्याकडे फोन असेल तर माझं एक काम कराल? माझी धाकटी बहीण आहे, छोटी. ती इकडे यायचं म्हणतेय. तिला कळवा, येऊ नकोस म्हणावं. इथे रस्त्यावर बसगाड्या जाळतात, काचा फोडतात. ती एकटी आहे, तिला काही झालं तर बाळकडे कोण बघेल?”

मला हुंदका आला तो मी पदराने दाबला.

“तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हटलं, कळवते. मग ती वाटीभर सूप प्यायली. नर्स म्हणतेय, आठ दिवसांत पहिल्यांदा.” ताई थांबली. “माझ्या व्हिसाला तीन महिने आहेत. मी इथेच आहे. मी कोण ते तिला नाही कळलं तरी तिचं बोलणं मला कळतं. आणि ऐक, तारखेचं बाळला सांगू नकोस. त्याला झेपणार नाही.”

फोन ठेवला तेव्हा नवरा स्टुलावरून उठून माझ्या अगदी जवळ आला होता. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्याने माझं मनगट धरलं.

“ओळखलं का गं अक्काने तिला?”

“हो,” मी म्हटलं. “दारातच ओळखलं.”